आधी घराचा हिशोब, मग पॉलिसी

मा. संपादक,

स.न.वि.वि.

मार्च लागला की सोलापुरातल्या शाळांच्या शिक्षकखोल्यांत, रेल्वेच्या कार्यालयांत आणि नवी पेठेतल्या दुकानांत एकच वाक्य फिरते : "टॅक्स वाचवायचा असेल तर ३१ तारखेच्या आत पॉलिसी घ्या." बहुसंख्य पगारदारांच्या बाबतीत हे वाक्य आता खरे राहिलेले नाही. नवी करप्रणाली हीच मूळ प्रणाली धरली जाते. तीत ८०सीची, म्हणजे विमा हप्त्यासारख्या बचतीवरची, वजावट नाही. शिवाय २०२५-२६ या आर्थिक वर्षात पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर करच लागत नाही. नऊ लाख पगार असलेल्या शिक्षकाने कर वाचवण्यासाठी म्हणून ५० हजारांचा हप्ता सुरू केला, तर त्याचा एक रुपयाही कर वाचत नाही आणि पुढची वीस वर्षे हप्ता मात्र मानेवर बसतो. घरकर्जाचे व्याज, घरभाडे भत्ता अशा वजावटी मोठ्या असतील तर जुनी प्रणाली फायद्याची ठरू शकते. पण त्यासाठी दोन्ही प्रणालींचा हिशोब शेजारी शेजारी मांडावा लागतो. ते काम अर्ध्या तासाचे आहे आणि तेच कोणी करत नाही.

आम्ही या व्यवसायात बरीच वर्षे काढलेली माणसे आहोत. हे पत्र लिहिण्याचे कारण एवढेच, की आपल्या शहरात 'आर्थिक नियोजन' या नावाखाली जे चालते ते बहुतांशी विक्रीचे काम आहे. वस्तू आधी ठरते आणि माणूस मागाहून तिच्यात बसवला जातो. हा क्रम उलटा करायचा कसा आणि त्यात कुठे कुठे चुकते, ते वाचकांना आणि या व्यवसायात नव्याने येणाऱ्या तरुणांना नेमके कळावे असे वाटते.

पहिल्या बैठकीत काहीही विकायचे नाही. दीड तास ठेवावा आणि नवरा-बायको दोघांनाही बसवावे. एकट्या नवऱ्याशी बोलून केलेले नियोजन पुढे ज्या दिवशी लागते, त्या दिवशी बहुधा तो नसतो. टेबलावर कागद हवेत ते असे : बारा महिन्यांचे बँक उतारे, सगळ्या पॉलिसींचे मूळ दस्त, कर्जांचे उतारे, ठेवीच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक, आणि भिशीत किती अडकले आहेत त्याची चिठ्ठीसुद्धा. भिशी लोक सांगत नाहीत, ती विचारावी लागते. बोलणे त्या घराच्या भाषेत व्हावे. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, काही घरांत उर्दू. मराठीत मान हलवणारा माणूस घरी जाऊन तेलुगूत वेगळेच सांगतो, असे होते. म्हणून बैठकीच्या शेवटी ग्राहकाकडून 'आपण काय ठरवले' ते त्याच्या शब्दांत ऐकून घ्यावे आणि त्याच संध्याकाळी एका पानावर लिहून द्यावे.

घराची मिळकत किती, याहून ती कधी येते हे महत्त्वाचे. सोलापुरात हा प्रश्न मोठा आहे, कारण इथे महिन्याच्या एक तारखेला पगार येणारी घरे एका बाजूला आणि आठवड्याच्या मजुरीवर चालणारी, साठ-नव्वद दिवसांच्या उधारीवर चालणारी, वर्षातून एकदाच बहार विकणारी घरे दुसऱ्या बाजूला आहेत. पगारदाराला सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी पुरते. यंत्रमागवाल्याला नऊ ते बारा महिन्यांची लागते आणि ती मोजताना घरखर्चाबरोबर कामगारांची मजुरी, वीजबिल आणि बँकेचा हप्ताही धरावा लागतो. चादर, टॉवेलचे पैसे अडकले तरी सूतवाला थांबत नाही. ही रक्कम धंद्याच्या चालू खात्यात ठेवली की ती गंगाजळी राहत नाही, पुढच्या सूतखरेदीत जाते. वेगळ्या बँकेत, वेगळ्या खात्यात ठेवावी.

डाळिंबवाल्याचे आणखी वेगळे. तेल्या रोग आला की बहारच हातचा जातो. म्हणून त्याने आधी पुढच्या बहाराचा खर्च आणि एक वर्षाचा घरखर्च बाजूला काढावा, मगच बाकीच्या रकमेचा विचार करावा. विम्याच्या हप्त्याची तारीख माल विकून पैसे हातात येण्याच्या महिन्यानंतरची निवडावी. ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण ज्या महिन्यात एजंटाचे उद्दिष्ट संपत असते त्या महिन्यात पॉलिसी निघते आणि दरवर्षी हप्ता त्याच तारखेला येतो, घरात पैसे असोत-नसोत. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मिळते, मासिक हप्त्याला १५. त्यानंतर पॉलिसी लॅप्स. ग्रामीण भागातल्या अनेक पॉलिसी बंद पडतात त्या माणूस बेफिकीर असतो म्हणून नव्हे, तारीख चुकीची निवडलेली असते म्हणून.

आता विमा किती हवा. कमावत्या माणसाचा स्वतःचा खर्च वगळून घराला महिना ३० हजार लागतात असे धरू. वर्षाचे ३ लाख ६० हजार. वीस वर्षांचा आधार हवा असेल तर ७२ लाख. त्यात १२ लाखांचे कर्ज आणि मुलांच्या शिक्षणाचे १० लाख मिळवा, हाताशी असलेली ८ लाखांची बचत वजा करा. उत्तर येते ८६ लाख. (महागाई आणि गुंतवणुकीवरचा परतावा इथे एकमेकांना कापतात असे मानले आहे. पहिल्या अंदाजाला तेवढे पुरे.) या घरात प्रत्यक्षात बहुधा काय सापडते? दहा लाख विम्याची एक आणि पाच लाखांची दुसरी, दोन्ही बचतीच्या पॉलिसी, हप्ता वर्षाला ७०-७५ हजार. म्हणजे हप्ता भरपूर आणि आधार सहावा हिस्सा. निव्वळ मुदतीचा विमा, ज्याला टर्म म्हणतात, तो इथे हवा. त्यात जगल्यास काही परत मिळत नाही, म्हणूनच तो स्वस्त पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही.

बचतीच्या पॉलिसीतले 'दुप्पट' हे प्रकरण आकड्यांत पाहावे. वर्षाला ५० हजार, वीस वर्षे, एकूण भरले १० लाख. शेवटी मिळाले १८ लाख ४० हजार. ऐकायला जवळजवळ दुप्पट. पण पैसे वीस वर्षांत टप्प्याटप्प्याने गेलेले आहेत, त्यामुळे खरा परतावा वर्षाला साधारण साडेपाच टक्के पडतो. हे कोणालाही तपासता येते. मोबाइलवरच्या कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये एका स्तंभात हप्त्यांच्या तारखा, दुसऱ्यात रकमा. भरलेली रक्कम उणे चिन्हाने, मिळणारी अधिक चिन्हाने. शेवटी 'एक्सआयआरआर' हे सूत्र. मुलगा बारावीत असेल तर तो पाच मिनिटांत काढून देईल. एजंटाने दाखवलेल्या प्रत्येक तक्त्यावर ही परीक्षा करावी आणि मगच सही करावी. सही होऊन दस्त हाती आल्यावरही ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, हे लक्षात असू द्यावे.

कर्जावर धंदा करणाऱ्या यंत्रमागधारकांनी आणि व्यापाऱ्यांनी एक जुना कायदा जरूर वापरावा : विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४चा कायदा. विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्याचा विमा या कायद्याखाली पत्नी आणि मुलांच्या नावे घेतला, तर ती रक्कम त्यांच्यासाठी ट्रस्टमध्ये जाते आणि धंद्यात ज्यांचे पैसे देणे आहे त्यांना त्यावर हात टाकता येत नाही. फसवणुकीसाठी घेतला असे सिद्ध झाले तरच अपवाद. करायचे एवढेच, की प्रस्ताव भरतानाच एक वेगळे पुरवणीपत्र जोडायचे. त्याला वेगळा खर्च नाही. अट मात्र कडक आहे. पॉलिसी निघाल्यानंतर हे करता येत नाही आणि एकदा घातलेली नावे बदलता येत नाहीत. इतका उपयोगी कागद असूनही तो सुचवलाच जात नाही, कारण त्यावर वेगळे कमिशन नाही. आम्हाला या शहरात सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट ही आहे.

आरोग्यविम्यात एकच मुद्दा, पण तो घरे मोडणारा. खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५ हजार असेल आणि रुग्णाला ८ हजारांची खोली घेतली, तर कापले जातात ते फक्त वरचे ३ हजार नव्हेत. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या वगळून डॉक्टरची फी, शस्त्रक्रिया असे बाकीचे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे आठाला पाच, मंजूर होतात. असे खर्च दोन लाखांचे असतील तर ७५ हजार खिशातून. पॉलिसी घेताना विम्याच्या रकमेआधी ही ओळ वाचावी.

ठेवींबद्दल. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून आणि व्याजासकट, ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. दारावर पिग्मी गोळा करायला येणारा माणूस दोन्हींचा सारखाच दिसतो, पावती सारखीच दिसते, म्हणून हा फरक लोकांच्या लक्षात राहत नाही. चांगल्या चाललेल्या पतसंस्था आहेत आणि छोट्या दुकानदाराला त्यांचाच आधार असतो, हे आम्ही नाकारत नाही. पण निवृत्तीची सगळी रक्कम एक टक्का जादा व्याजासाठी तिथे ठेवणे चूक आहे. आणि जो कोणी 'महिन्याला तीन टक्के' म्हणतो, तो वर्षाला ३६ टक्के म्हणतो आहे. सोलापुरातला कोणता धंदा सगळा खर्च भागवून एवढे व्याज देऊ शकतो, हा प्रश्न सूतबाजारातल्या कोणत्याही जाणत्या माणसाला विचारून पाहावा.

विडी कामगार बायकांच्या बाबतीत नियोजन म्हणजे नवी गुंतवणूक नव्हेच. भविष्यनिर्वाह निधीत त्यांचे आधीच जमा असलेले पैसे सुटतील असे कागद करणे, हेच नियोजन. आधारवर एक नाव, कारखान्याच्या रजिस्टरवर तेच नाव वेगळ्या स्पेलिंगने, बँकेत माहेरचे आडनाव. जन्मतारीख तर अंदाजाने लिहिलेली. दावा अडकतो तो इथेच. दुरुस्तीसाठी अनेकदा जॉइंट डिक्लरेशन (कामगार आणि मालकाचे संयुक्त निवेदन) भरावे लागते आणि त्याला मालकाची संमती लागते, म्हणून हे काम कारखाना चालू असताना, बाई कामावर असताना उरकावे. यूएएन (निधीचा खाते क्रमांक) आधारला जोडलेला आहे का आणि ई-नॉमिनेशन (ऑनलाइन वारसनोंद) झाले आहे का, ते त्याच वेळी पाहावे.

त्यातही एक सापळा आहे. निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची नोकरी लागते. आठ-नऊ वर्षे झालेली बाई घरात लग्न निघाले म्हणून काम सोडते आणि १०सी फॉर्म भरून निवृत्तिवेतनाचा वाटाही काढून घेते. हातात थोडी रक्कम येते, पण ती सेवा पुसली जाते. त्याऐवजी त्याच फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेट मागता येते. पुढे दुसऱ्या कारखान्यात काम धरले की जुनी वर्षे त्यात मिळवली जातात. किमान निवृत्तिवेतन महिना एक हजार आहे, ते फार थोडे आहे हे खरेच, पण विधवेपर्यंत पोचणारे ते एकमेव नियमित उत्पन्न असू शकते. नोकरीत असताना सदस्याचा मृत्यू झाला तर ठेव संलग्न विमा योजनेतून जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत रक्कम वारसाला मिळते. त्यासाठी ५आयएफ फॉर्म. हप्ता कामगाराच्या मजुरीतून कापला जात नाही, त्यामुळे हा विमा आहे हेच घरात ठाऊक नसते.

निवृत्तीच्या रकमेबाबत घाई आणि उशीर दोन्ही नडतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला. त्या दराने ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. एरवी वयाची अट ६०, पण ५८व्या वर्षी निवृत्त होणाऱ्या शिक्षकालाही ती खुली आहे, फक्त निवृत्तीचे लाभ मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खाते उघडले पाहिजे. हे तीन महिने मुलाच्या फ्लॅटची चर्चा आणि ओळखीच्या माणसाची दहा वर्षांची योजना यांत निघून जातात. दुसरी बाजूही सांगायला हवी. या योजनेचे व्याज वाढत नाही आणि आजचा २५ हजारांचा घरखर्च सहा टक्के महागाईने वीस वर्षांत ८० हजारांवर जातो. म्हणून सगळी रक्कम इथेच लावू नये. पाच-सात वर्षे लागणार नाही असा एक हिस्सा समभागांशी निगडित म्युच्युअल फंडात असावा. किती, ते निवृत्तिवेतन आहे की नाही यावर ठरते.

म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर (वितरकामार्फत घेतलेल्या) आणि डायरेक्ट (थेट फंडाकडून घेतलेल्या) प्रकारांत खर्चाचा फरक असतो, समभाग योजनांत बहुधा अर्धा ते एक टक्का. महिना ५ हजार, वीस वर्षे, १२ टक्के धरले तर जवळपास ५० लाख होतात. ११ टक्के धरले तर ४३ लाख ७० हजारांच्या आसपास. हा फरक म्हणजे वितरकाच्या सेवेची किंमत. बाजार पडल्यावर फोन उचलणारा, वारसांचे कागद करून देणारा वितरक ती कमावतो. जो फक्त सुरुवातीला सही घ्यायला येतो तो कमावत नाही. ग्राहकाला हा आकडा सांगितला गेला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे. सेबीकडे नोंदलेला गुंतवणूक सल्लागार फी घेतो, कमिशन घेत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. वितरकाकडे एआरएन हा नोंदणी क्रमांक असतो. दोघांपैकी कोणीही परताव्याची हमी दिली की तिथून उठावे. कोऱ्या फॉर्मवर सही आणि हातात रोख रक्कम, कोणालाच देऊ नये.

आता आमच्याच व्यवसायातल्या शाखाप्रमुखांना, एजन्सी चालवणाऱ्यांना थोडे. सोमवारच्या बैठकीत तुम्ही जे विचारता तेच तुमची माणसे आठवडाभर करतात. "किती लॉगिन झाले?", म्हणजे किती नवे प्रस्ताव दाखल झाले, एवढेच विचारले की तेवढेच होते. त्याऐवजी फळ्यावर तीन आकडे लिहावेत : तेराव्या महिन्यात किती टक्के पॉलिसींचा हप्ता आला, या महिन्यात किती दावे मिळवून दिले आणि किती दिवसांत, किती जुन्या घरांची वार्षिक फेरतपासणी झाली. एकसष्टाव्या महिन्याचा, म्हणजे पाच वर्षांनंतरचा, आकडा वर्षातून एकदा पाहावा. तो खोटे बोलत नाही.

नव्या मुलाला पहिले सहा महिने विकायला पाठवू नये. एनआयएसएमची (म्युच्युअल फंड वितरकाला लागणारी) परीक्षा उत्तीर्ण झाला म्हणजे त्याला घर वाचता येते असे नाही. त्याला दाव्याचे कागद भरायला लावावे, विडी कामगारांच्या नावदुरुस्तीत बसवावे, ज्येष्ठ सहकाऱ्याच्या बैठकीत दुसऱ्या खुर्चीवर बसून टिपण लिहायला लावावे. एकदा मृत्यूचा दावा हाताळलेला मुलगा प्रस्तावात आजार लपवायला कधीच सांगत नाही. या सहा महिन्यांचा पगार संस्थेने सोसावा. तो सोसायची तयारी नसेल तर माणसे घेऊ नयेत.

एका नियोजकाने किती घरे घ्यावीत यालाही हिशोब आहे. वर्षाला प्रत्येक घराच्या दोन बैठका आणि कामाचे २४० दिवस. १२० घरे झाली की रोज एक बैठक, तिची तयारी, नंतरचे टिपण आणि फॉर्म. दिवस भरला. चारशे ग्राहक आहेत असे अभिमानाने सांगणारा माणूस त्यातल्या तीनशे घरांकडे पाहत नाही, हे उघड आहे. आणि स्वतःच्या निवृत्तीआधी किमान तीन वर्षे प्रत्येक घराची ओळख दुसऱ्या सहकाऱ्याशी करून द्यावी, बैठकांना त्याला सोबत बसवावे, फाइल त्याला वाचता येईल अशी ठेवावी. ग्राहकाची माहिती फक्त नियोजकाच्या डोक्यात असेल, तर नियोजक गेला की घर पुन्हा कोऱ्या पाटीवर येते.

फाइलचे पहिले पान वारसनोंदीचे असावे. बँकेतली नोंद असलेली व्यक्ती रक्कम स्वीकारते, ती मालक होतेच असे नाही. मालकी वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवते. आयुर्विम्यात पती-पत्नी, आईवडील किंवा मुलांची नोंद असेल तर रक्कम त्यांचीच. अविवाहित असताना आईचे नाव घातले आणि लग्नानंतर बदलायचे राहून गेले, ही चूक घरोघरी सापडते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यात चार नावांपर्यंत नोंद करता येते. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र लागतात. ज्यांना काही मिळणार नाही अशांनाच साक्षीला घ्यावे.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा (अपघात) विम्याचे २० रुपये दरवर्षी मेअखेरीस खात्यातून कापले जातात, कारण विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असे आहे. त्या वेळी खात्यात ४५६ रुपये नसले की दोन-दोन लाखांचे दोन्ही विमे तुटू शकतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही. पुन्हा सुरू केल्यास जीवन ज्योतीत पहिले ३० दिवस अपघात वगळता दावा मिळत नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पहिल्या पानावर चार ओळींची एक चौकट मराठीत छापावी आणि तिच्या खाली तोच मजकूर तेलुगू व कन्नडमध्येही द्यावा. ज्या घरात नुकताच कोणाचा मृत्यू झाला आहे, त्यांनी मृताच्या पासबुकात मे-जूनमध्ये ४३६ किंवा २० रुपयांची नोंद आहे का ते पाहावे. असली तर मृत्युदाखला घेऊन त्याच शाखेत जावे आणि मृत्यू अपघाती असेल तर पोलिसांचा पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवालही सोबत न्यावा.

आपले,
सोलापुरातील काही आर्थिक नियोजक